जुनी मटण खानावळ: वाडा सावरायचा कसा, पाटी बदलायची कशी

मटणाच्या खानावळीचं वर्ष गटारीला संपतं. त्यानंतर श्रावण, गणपती, पितृपक्ष, नवरात्र, म्हणजे दसऱ्यापर्यंत गल्ला तसाही बसलेला असतो. दुरुस्तीचं वेळापत्रक यावरच बसवा. कौलं आणि छत एप्रिल-मेमध्ये, खानावळ चालू ठेवून; आतलं तोडफोडीचं काम श्रावण लागल्यावर; उघडायचं दसऱ्यानंतर. उलटं केलं तर गळक्या छताखाली नवा गिलावा होतो आणि पहिल्याच आठ दिवसांत पोपडे धरतात.

जुन्या नाशकातल्या वाड्यात पहिलं बघायचं ते तुळयांची टोकं. सागवान मधे सहसा कुजत नाही; कुजतो तो भिंतीत गेलेला वीतभर भाग, कारण कौलांचं पाणी भिंतीतून तिथेच मुरतं. जाड पेचकस घ्या आणि तुळई भिंतीत शिरते तिथे खालच्या बाजूने टोचा. दोन-तीन मिलिमीटरवर अडला तर लाकूड ठणठणीत. बोटभर आत गेला आणि भुसा गळला तर आत पोकळ आहे, वरून रंग कितीही चकचकीत असो. अशा तुळईला आधी दोन्ही बाजूंनी जॅक लावून भार उचलायचा, मग कुजका भाग कापून नवं सागवान जोडायचं किंवा दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या बोल्टने आवळायच्या. पट्टीची जाडी स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवावी, मिस्त्रीने नव्हे. सामाईक भिंतीला तर शेजाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय हात लावू नका. त्याच्या तुळया त्याच भिंतीत बसलेल्या असतात. भिंत पाडणं, छताची उंची बदलणं असलं काही करायचं असेल तर महापालिकेच्या नगररचना विभागाची परवानगी आधी. जागा भाड्याची असेल तर मालकाचं नाहरकत पत्र त्याच्याही आधी.

आता भिंती. विटा-चुन्याच्या भिंतीवर कुणीतरी मधल्या काळात सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइलपेंट मारलेला असतो. जमिनीतली ओल वर चढते, सिमेंटमधून बाहेर पडत नाही, मग जमिनीपासून चार-पाच फुटांपर्यंत भिंतीवर पांढरा क्षार फुटतो. तो गिलावा विटेपर्यंत काढा, सांधे खरवडा, भिंत निदान महिनाभर उघडी ठेवा. कळीचा चुना टाकीत विरवून पाण्याखाली किमान पंधरा दिवस, महिना मिळाला तर उत्तमच. गाळून एक भाग चुना आणि तीन भाग धुतलेली वाळू. वाळूतला एक भाग कमी करून सुरकी (भाजक्या विटेची भुकटी) घातली तर ओलीच्या भिंतीवर चांगली धरते. एका थराची जाडी १० ते १२ मिलिमीटर, दोन थरांत आठवडाभर अंतर, रोज पाण्याचा हबका. श्रावणातली दमट हवा चुन्याला मानवते, वाळल्यावर तडे कमी जातात. मिस्त्री ‘लवकर धरेल’ म्हणून मालात घमेलंभर सिमेंट टाकायला बघतो. त्या वेळी तिथे उभं राहा.

हे सगळं बसायच्या खोलीपुरतं. स्वयंपाकघराला धुता येणारी भिंत लागते, तिथे सहा फुटांपर्यंत टाइल्स लावा आणि हळहळू नका.

सराफ बाजार, भांडीबाजाराच्या अंगाला जागा असेल तर विजेचा मीटर, मेन बोर्ड आणि फ्रीजरचा कॉम्प्रेसर २०१६ च्या पुराच्या खुणेच्या वर घ्या. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती, म्हणजे नाशिकची पुराची खूण, बुडाला की तिथे काय होतं हे नाशिककराला सांगायला नको. वायरिंग सगळं नवं, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसह (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच).

वाड्याला खरा धोका धुराड्याचा. डक्टच्या, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या, आत साचलेलं तूप-तेल पेट घेतं आणि डक्ट सागवानी छतातून गेला असेल तर वाडाच जातो. डक्ट खिडकीतून बाहेर काढा, लाकडापासून दीड फूट लांब. हूड (धूर ओढणारं छत्र) शेगड्यांच्या चारही बाजूंनी सहा इंच पुढे, त्यातले तेल अडवणारे बॅफल फिल्टर रोज रात्री गरम पाण्यात, प्रत्येक वळणावर साफसफाईचं झाकण. गॅसची टाकी तळघरात ठेवू नका. गॅस हवेपेक्षा जड, गळला की तळाशी साचतो.

चवीचं काम शेगडी बदलायच्या आधी उरकायचं. आचारी मसाला अंदाजाने टाकतो आणि तो अंदाज जुन्या भांड्याचा, जुन्या आचेचा असतो. त्याला प्रमाण विचारू नका, सांगता येणार नाही. काळ्या मसाल्याचा डबा घाण्याआधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवा, त्या दिवशीचं मटण किती किलो तेही लिहा. आठ दिवसांत किलोला किती ग्रॅम ते कळतं. खोबरं, कांदा, तेल, मीठ यांचंही तसंच. नव्या शेगडीची आच जास्त असते. सुकं खोबरं बाहेरून करपतं, आत कच्चं राहतं आणि रस्सा कडवट होतो. मग लोक म्हणतात, मालक बदलले वाटतं.

आणि नाव. पाटीवर एखाद्या देवाचं किंवा ‘भोजनालय’ असं असतं, पण गाव म्हणतं ‘पिंपळाखालची’ किंवा ‘जिन्यावरची’. दहा जुन्या गिऱ्हाइकांना विचारा, फोनवर पत्ता कसा सांगता? जे दोन शब्द पुन्हा पुन्हा येतील तेच नवं नाव. ‘रॉयल’, ‘हेरिटेज’ वगैरे लावलं की जुनं गिऱ्हाईक बिचकतं, आणि नवं आलंच तर हॉटेलची अपेक्षा घेऊन येतं.

पाटीच्या छपाईआधी भावकी मिटवा. आजोबांपासून चालत आलेल्या खानावळीच्या नावावर तीन घरांचा हक्क असतो. संमतीपत्र नोटरीसमोर झालं नाही तर वर्षभरात पुतण्या कॉलेज रोडला तीच पाटी लावतो. ट्रेडमार्क वर्ग ४३ (खानपान सेवा) मध्ये, वैयक्तिक अर्जाला ऑनलाइन फी ४,५०० रुपये. मसाला पाकिटात विकायचा असेल तर वर्ग ३० वेगळा. जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर हरकतीसाठी चार महिने असतात, तेव्हा अर्ज वाड्याच्या कामाबरोबरच टाका. पाटी मराठीत, देवनागरीत, आधी; इतर भाषेतली अक्षरं त्याहून मोठी चालत नाहीत. दारूचा परवाना असेल तर महापुरुषांची किंवा गडकिल्ल्यांची नावं बाद.

नाव बदललं की एफएसएसएआयचा अन्न परवाना, जीएसटी, गुमास्ता, बँक खातं आणि क्यूआर कोड एकाच आठवड्यात बदला, नाहीतर बिलावर एक नाव आणि पैसे दुसऱ्याच नावावर जातात. गूगल मॅप्सवर नवी नोंद काढू नका. जुनीच उघडून नाव दुरुस्त करा, म्हणजे जुने अभिप्राय राहतात. जुनी पाटी भंगारात देऊ नका. ती आत, हात धुवायच्या जागेवर लावा. निदान पुढच्या गटारीपर्यंत तरी लोक तिच्याकडे बघूनच खात्री करून घेतात.