बोअरच्या पाण्यात आर्सेनिक आहे का, ते कसं तपासावं

नागपूर महापालिकेच्या नळाला पेंच आणि कन्हानचं पाणी येतं. आर्सेनिक या विषारी मूलद्रव्याचा प्रश्न मुख्यतः जमिनीखालच्या पाण्याचा, म्हणून हे बोअरवर चालणाऱ्या लेआउटवाल्यांसाठी. विदर्भात चर्चा फ्लोराइडची, आणि ती रास्तच. पण पूर्वेला छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात खडकातूनच आर्सेनिक पाण्यात उतरतं. कोळशाच्या राखेतही ते असतं. वीज केंद्राच्या राखेच्या तलावाजवळ विहीर असेल तर तपासणी कराच.

१. टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारं) बाजूला ठेवा, त्यात आर्सेनिक कळत नाही. रंग, वास, चव काहीच नसते. लॅबमध्ये 'आर्सेनिक' असं नाव घेऊन सांगा, नेहमीच्या पॅकेजमध्ये बहुधा ते नसतं.

२. बाटली लॅबचीच घ्या. बोअर पाच-दहा मिनिटं चालवा आणि टाकीत पडण्याआधीचं पाणी भरा. घरी आरओ असेल तर त्याचं पाणी दुसऱ्या बाटलीत.

३. रिपोर्ट नीट वाचा. मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजेच १० मायक्रोग्रॅम. 'बीडीएल', म्हणजे यंत्राला मोजता येण्याइतकं सापडलं नाही, असं दिसलं की लोक निश्चिंत होतात. लॅबचं यंत्र किती खालपर्यंत मोजतं ते विचारा. ०.०५ मिलिग्रॅमच्या खाली मोजतच नसेल, तर त्या बीडीएलला काडीचाही अर्थ नाही.

४. जास्त निघालं तर पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी त्याच दिवशी बदला. आंघोळ, धुणं चालेल. उकळू नका, पाणी आटतं, आर्सेनिक तिथंच राहतं. आरओने बरंच कमी होतं, पण आर्सेनिकचा एक प्रकार त्यातूनही निसटतो, म्हणून गाळलेलं पाणी पुन्हा तपासा.

५. अंगावर पाहा. छाती-पाठीवर काळपट डाग आणि त्यात फिकट ठिपके, तळहात-तळपायांवर ज्वारीच्या दाण्याएवढे कडक खडे, हातापायांना मुंग्या. त्वचेवर हे दिसायला बहुधा काही वर्षं जातात, त्यामुळे 'आम्हाला तर काही झालं नाही' याला अर्थ नाही. पुढे त्वचा, फुप्फुस आणि मूत्राशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो; विडी-सिगारेट असेल तर फुप्फुसाचा आणखीच. लघवीत रक्त दिसलं तर थांबू नका.

६. नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा एम्स या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीत जाताना पाण्याचा रिपोर्ट सोबत न्या. हरताळ, मनःशिळ किंवा सोमल असलेलं औषध घेत असाल तर तेही सांगा, कारण ही तिन्ही आर्सेनिकचीच. लघवीची तपासणी सांगितली तर आधी तीन-चार दिवस मासे, झिंगे बंद. नाहीतर आकडा उगाच फुगतो.