आधी वेळ ठरवा, मग व्यायाम

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठावर पहाटे दिसणारी गर्दी संक्रांतीनंतर विरळ होऊ लागते, आणि त्याचे कारण बहुधा आळस नसून पहिल्याच दिवशी तासभर धावण्याचा अट्टहास हे असते. प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे; म्हणजे पाच दिवस ३० मिनिटे झपझप चालणे पुरते. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग असावा. सुरुवात मात्र १० मिनिटांपासून करावी आणि ती रोज न चुकता घडणाऱ्या एखाद्या कामाला जोडावी: सकाळचा चहा झाला की पायांत बूट, किंवा रात्रीचे जेवण झाले की गल्लीतून एक फेरी. जेवणानंतर चालल्याने स्नायू रक्तातील साखर वापरतात, त्यामुळे ती एकदम चढत नाही.

तालमींच्या या शहरात जोर-बैठका कोणाला शिकवाव्या लागत नाहीत, तरीही चाळिशीनंतर त्या सुटतात. आठवड्यातून दोन दिवस त्या पुन्हा सुरू कराव्यात. जोर भिंतीला हात टेकवून काढले तरी चालतील. गुडघेदुखी वा हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

तांबडा-पांढरा रस्सा सोडण्याची सक्ती नाही (ती कोल्हापुरात कोणी पाळणारही नाही), परंतु दिवसभरातील मीठ ५ ग्रॅमच्या आत राहावे यासाठी रस्सा असेल त्या दिवशी लोणचे-पापड ताटाबाहेर ठेवावेत. एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट चालू नये. ठरलेल्या वेळी ठरलेले तेवढेच चालावे.