आपल्या परिसरातील बाग आणि टेकडी कशी पारखावी

एखाद्या बागेला पाचपैकी चार गुण देणे सोपे असते, परंतु ते गुण कोणी, कोणत्या वेळी आणि कशासाठी तेथे गेल्यावर दिले हे कळत नाही, तोवर त्यांचा काही उपयोग नसतो. पहाटे फिरायला येणाऱ्या निवृत्त गृहस्थांना जी बाग उत्तम वाटते, ती दोन घरची कामे आटोपून तिसऱ्या घरी जाण्याआधी थोडा वेळ सावलीत टेकू पाहणाऱ्या बाईंना बहुधा कुलूपबंदच सापडते, कारण पुण्यातील महापालिकेची अनेक उद्याने दुपारी बंद असतात. म्हणून मोकळी जागा पारखताना ती कोणाच्या वाट्याला येते आणि कोणाच्या येत नाही, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. येथे उदाहरणे पुण्याची घेतली असली, तरी पद्धत कोणत्याही शहरात वापरता येईल.

पहिले काम अंतर मोजण्याचे आहे. नागरी वनांचे अभ्यासक सेसिल कोनाइनेंडाइक यांनी २०२१ मध्ये ‘३-३०-३००’ असा एक सुटसुटीत निकष मांडला: घरातून किमान तीन झाडे दिसावीत, वस्तीचा ३० टक्के भाग झाडांच्या छत्राखाली असावा आणि हिरवी मोकळी जागा ३०० मीटरच्या आत असावी. यातले ३०० मीटर नकाशावर सरळ रेषा ओढून मोजू नयेत. घराच्या दारापासून बागेच्या उघड्या फाटकापर्यंत प्रत्यक्ष चालून मोजावेत. वाटेत सिग्नल नसलेला मोठा रस्ता ओलांडावा लागत असेल, तर नातवाचा हात धरून निघालेल्या आजींसाठी ती बाग जवळची नाही, आणि तशी नोंद झालीच पाहिजे.

सावली मोजायला कोणतेही उपकरण लागत नाही. बागेतील सर्व वाटांवरून चालत दर वीस पावलांनी थांबावे, मान वर करून डोक्याच्या अगदी वर पानांचे छत्र आहे की उघडे आकाश, एवढेच वहीत टिपावे. पन्नास ठिकाणी थांबून वीस ठिकाणी छत्र आढळले, तर वाटांवरील छाया सुमारे ४० टक्के आहे असे धरावे. हीच नोंद बाकांसाठी वेगळी करावी, कारण झाडे एका कडेला आणि बाक भर उन्हात, अशी रचना कितीतरी बागांत दिसते.

यानंतरचे काम माणसे मोजण्याचे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळ त्यालाच द्यावा. थॉमस मॅकेन्झी, डेबोरा कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध केलेली ‘सोपार्क’ ही निरीक्षणपद्धत यासाठी सोयीची आहे. तिच्यात बागेचे खेळाचे मैदान, चालण्याची वाट, हिरवळ, ओपन जिम असे भाग पाडतात. प्रत्येक भागाच्या कडेला उभे राहून डावीकडून उजवीकडे एकदाच नजर फिरवायची आणि त्या क्षणी दिसलेली माणसे मोजायची. स्त्री की पुरुष. बालक, किशोरवयीन, प्रौढ की ज्येष्ठ. बसलेले, चालणारे की दमछाक होईल असे काही करणारे, एवढे तपशील नोंदवायचे. हे सकाळ, दुपार, सायंकाळ आणि अंधार पडताना असे दिवसातून चार वेळा, कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशीही करावे. किशोरवयीन मुली एकाही फेरीत दिसल्या नाहीत, तर तो रकाना रिकामा न सोडता तेथे शून्य लिहावे. पुढे कारणांचा शोध त्या शून्यापासूनच घ्यायचा असतो.

कारणे मात्र विचारल्याखेरीज कळत नाहीत. “बाग कशी वाटते?” असे विचारले की माणसे भिडेखातर “छान आहे” म्हणतात. त्याऐवजी आज कुठे बसलात, कुठे बसायचे टाळलेत, कोणत्या वेळी येत नाही, किती वेळात परत निघावे लागते, असे नेमके विचारावे. स्वच्छतागृहाला कुलूप असेल, तर मधुमेह असलेले ज्येष्ठ आणि लहान मुलांच्या आया लवकर निघतात, हे अशा प्रश्नांतूनच बाहेर येते. फाटकाबाहेरचे भाजीवाले, रिक्षावाले आणि पलीकडच्या वस्तीतील रहिवासी यांनाही विचारावे. आत न येणाऱ्यांचे मत आत येणाऱ्यांकडून मिळणार नाही.

मन निवण्याचा अनुभवही पारखता येतो. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांनी निसर्गात थकलेले लक्ष पुन्हा ताजे होण्यामागे चार गोष्टी सांगितल्या आहेत: रोजच्या व्यापातून दूर आल्याची जाणीव, जागेचा ऐसपैसपणा, विनासायास गुंतवणारे काहीतरी आणि आपल्याला जे करायचे आहे त्याच्याशी जागेचे जुळणे. या चारही गोष्टींसाठी भेटलेल्या प्रत्येकाकडून एक ते पाच गुण घ्यावेत.

टेकडीला बागेची मोजपट्टी लावणे मात्र मला साफ चुकीचे वाटते. दिवे, पेव्हर ब्लॉक, रंगीत बाक यांनी बागेचे गुण वाढतील. वेताळ टेकडीवर याच गोष्टी आल्या, तर लोक ज्यासाठी तेथे चढून जातात तेच नाहीसे होईल. शिवाय नुसत्या हिरवेपणावर गुण देणेही फसवे असते. पुण्याच्या टेकड्यांवर मोठ्या प्रमाणात लावलेले गिरिपुष्प हे बाहेरून आणलेले झाड आहे. त्याची दाटी डोळ्यांना सुखावते, पण या टेकड्यांचा मूळ स्वभाव गवताळ माळाचा आणि विरळ झाडीचा आहे. उन्हाळ्यात पिवळे पडलेले ते गवत उजाड वाटले, तरी जमिनीवर घरटे करणाऱ्या टिटवीला आणि चंडोलाला तेच लागते. त्यामुळे टेकडीसाठी माणसांचा अनुभव आणि जागेची नैसर्गिक स्थिती यांचे दोन स्वतंत्र तक्ते करावेत. सुरक्षिततेचा प्रश्न एकट्याने फिरणाऱ्या स्त्रियांना आवर्जून विचारावा, कारण ज्या झाडीत एकाला निवांत वाटते, तिथेच दुसरीला पुढच्या वळणावर कोण असेल याची धास्ती असते.

शेवटी सर्व गुणांची बेरीज करून सरासरी काढू नये. सावलीला पाच आणि स्वच्छतागृहाला शून्य मिळाले, तर अडीच या आकड्यातून दोन्ही गोष्टी दडून जातात. प्रत्येक बाबीचे गुण सुटे ठेवावेत, शेजारी दिनांक, वेळ आणि ऋतू लिहावा, आणि मे, जुलै व डिसेंबर अशा तीन वेळी नोंदी पुन्हा घ्याव्यात. त्यांतून एकच ठोस मागणी निवडावी, जसे फाटक दुपारी उघडे ठेवणे किंवा उन्हातले चार बाक झाडाखाली हलवणे, आणि तक्त्याची प्रत जोडून ती क्षेत्रीय कार्यालयाकडे व उद्यान विभागाकडे लेखी द्यावी. पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेते. खर्चाचे काम असेल तर ते त्या अर्जात लिहावे आणि पोच घ्यावी.