एकांकिका लिहायचीय? तेच नाटक पुन्हा पाहा

नवीन मुलं-मुली संहिता घेऊन येतात तेव्हा मी आधी एकच विचारते : शेवटचं नाटक कोणतं पाहिलंस, आणि किती वेळा? नाटकाचं नाव पटकन येतं. 'किती वेळा' ऐकून मात्र चेहरा कोरा होतो. गोष्ट कळली, शेवट कळला, मग परत तिकीट कशाला काढायचं, असं बहुतेकांना वाटतं. मी बरीच वर्षं नोकरी सांभाळून एकांकिका लिहिते आणि बसवते. मला जे काही लिहिता येतं ते मुख्यतः तीच ती नाटकं पुन्हा पाहून आलं आहे. म्हणून या वाटेला लागणाऱ्यांना माझं सांगणं तिथूनच सुरू होतं.

मी मूळची सांगलीची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं ते हे गाव. नाटकाला जाणं हा आमच्याकडे सगळ्या घराचा कार्यक्रम असायचा. पण दौऱ्यावरचं नाटक गावात आलं की एकच प्रयोग, तो चुकला की चुकला. पुढे नोकरीसाठी ठाण्यात आले आणि पाहिलं, की एकच नाटक या शनिवारी गडकरी रंगायतनला लागतं, पुढच्या रविवारी दादरच्या शिवाजी मंदिरात आणि मग पार्ल्याला दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहात. शिकणाऱ्याला याहून मोठी सोय दुसरी नाही.

पहिल्यांदा नाटक पाहताना वही-पेन काढू नका. प्रेक्षक म्हणून जा, हसू आलं तर हसा, डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या. दुसऱ्या वेळी बोलणाऱ्या नटाकडे बघायचं नाही, ऐकणाऱ्याकडे बघायचं. लेखकाने एखाद्या पात्राला पानभर एकही वाक्य दिलेलं नसतं, तेव्हा ते पात्र मंचावर काय करतंय? त्याला काही काम आहे की ते नुसतं आपल्या पाळीची वाट बघत उभं आहे? चांगल्या संहितेत गप्प असलेल्या पात्रालाही काहीतरी हवं असतं. हे वाचून कळत नाही. पानावर फक्त बोलणाऱ्याचं नाव छापलेलं असतं.

तिसऱ्या वेळी बाल्कनीत बसा. तिकीट स्वस्त पडतं आणि वरून खालचे प्रेक्षक दिसतात. कोणत्या प्रवेशात खोकले सुरू होतात, कुठे मोबाइलचे उजेड दिसू लागतात, कुठे शेजारच्या काकू पिशवीतली गोळी काढायच्या थांबतात, ते टिपून ठेवा. शेजारी वेळ लिहा. आणखी एका प्रयोगाला त्याच वेळेला तेच घडलं, तर तो दोष त्या दिवशीच्या प्रेक्षकांचा नाही, लिखाणाचा आहे. आणि तिथे तसं काहीच झालं नाही, तर नटांनी काय बदललं ते शोधा.

एक उदाहरण देते. एका कौटुंबिक नाटकात मुलगी बऱ्याच दिवसांनी माहेरी येते आणि आईला विचारते, "जेवलीस?" एका प्रयोगात या शब्दावर मोठा हशा आला. दुसऱ्या थिएटरमध्ये, तेच नट, तेच नेपथ्य, आणि त्याच शब्दावर सगळे चिडीचूप. मी दोन्हीकडे होते. फरक पर्सचा होता. पहिल्या प्रयोगात ती खांद्यावरची पर्स न उतरवताच विचारत होती, म्हणजे उत्तरात तिला रस नाही हे प्रेक्षकांनी ओळखलं. दुसऱ्या वेळी तिने पर्स उतरवली, खुर्चीवर ठेवली, आईकडे पाहिलं आणि मग विचारलं. संहितेत शब्द एकच. लेखकाने काय लिहायचं आणि नटासाठी काय मोकळं सोडायचं, याचा धडा मला त्या एका पर्सने दिला. एकदाच पाहिलं असतं, तर तो विनोद आहे किंवा तो विनोद नाही, एवढंच घेऊन मी घरी आले असते.

नाटककार महेश एलकुंचवारांची हकिकत या संदर्भात प्रत्येक नव्या लेखकाला ठाऊक हवी. सिनेमाचं तिकीट मिळालं नाही म्हणून ते नाटकाला गेले. विजय तेंडुलकरांचं 'मी जिंकलो! मी हरलो!', दिग्दर्शन विजया मेहतांचं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तेच नाटक पाहायला गेले आणि आपण नाटक लिहायचं असं त्यांनी ठरवलं. त्यानंतर त्यांनी वर्षभर नाटकं वाचली. 'सुलतान' ही त्यांची एकांकिका १९६७ साली 'सत्यकथा' मासिकात आली आणि ती वाचून विजयाबाईंचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. पुढे बाईंनी त्यांच्या एकांकिका मंचावर आणल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणं आणि मग वर्षभर वाचणं, या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. स्फूर्ती पहिल्या दिवशीच आली असेल, पण ते तेवढ्यावर लिहायला बसले नाहीत.

मोठ्या नाट्यगृहांइतकंच लहान जागांमध्ये जाणंही गरजेचं आहे. जुहूचं पृथ्वी थिएटर साधारण दोनशे खुर्च्यांचं आहे आणि तिथे प्रेक्षक मंचाच्या तीन बाजूंना बसतात. पुण्यात शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचावर तुम्ही नटाच्या इतके जवळ असता, की त्याने गिळलेला आवंढाही दिसतो. अशा जागी मोठं वाक्य खोटं वाटू लागतं. दादरच्या छबिलदास शाळेचा हॉल आमच्या पिढीच्या वाट्याला आला नाही, पण 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने १९७४ पासून तिथे प्रायोगिक नाटकांची जी चळवळ चालवली तिचं मर्म मला अशाच जागांमध्ये उमगलं. प्रेक्षक जवळ आला की लेखकाला कमी शब्दांत काम भागवावं लागतं. एकांकिका लिहिणाऱ्याने महिन्याला निदान एक प्रयोग तरी अशा जागी पाहावाच.

आता लिहिण्याबद्दल. नव्या लेखकांच्या एकांकिकेत फार ब्लॅकआऊट असतात. पाच मिनिटांचा प्रवेश, काळोख, पुन्हा प्रवेश, पुन्हा काळोख. प्रत्येक काळोखात प्रेक्षक सैल होतो आणि त्याला परत गोळा करण्यात पुढचं पान खर्ची पडतं. माझा आग्रह असा, की पहिल्या दोन-तीन एकांकिका एक जागा, सलग वेळ आणि तीन पात्रं एवढ्यातच लिहाव्यात. हा नियम नाही, हा रियाज आहे. कुणी बाहेर जाऊ शकत नाही, काळ पुढे ढकलता येत नाही, फ्लॅशबॅक नाही. मग पात्रांना एकमेकांना सामोरं जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही, आणि नाटक तिथेच सुरू होतं. लिहून झालं की मोठ्याने, घड्याळ लावून वाचा. मनातल्या मनात वाचलेली संहिता नेहमी लहान वाटते. स्पर्धांच्या वेळेच्या मर्यादा वेगवेगळ्या असतात आणि मर्यादा ओलांडली की गुण जातात किंवा पडदा पडतो, म्हणून नियमावली आधी वाचा.

लेखकाने तालमीला जावं की नाही, यावर दोन मतं आहेत. माझं मत ठाम आहे : जावं, मागे बसावं, आणि दिग्दर्शकाने विचारल्याशिवाय बोलू नये. माझ्या एका एकांकिकेत म्हातारा दुकानदार किराणा दुकानाची किल्ली मुलाच्या हातात देतो. मी त्याला चांगलं पाऊण पानाचं स्वगत दिलं होतं : दुकान कसं उभं केलं, दुष्काळात उधारी कशी दिली, वगैरे. एका संध्याकाळी शाळेच्या वर्गात तालीम चालू होती. स्वगताआधी नटाने गल्ल्यातली चिल्लर मोजायला घेतली, रुपयाची वेगळी, दोनची वेगळी, पाचची वेगळी. नाणी बाकावर नीट रचली. मुलाचं काम करणारा पोरगा नुसता बघत उभा होता. चिल्लर मोजून झाली, म्हाताऱ्याने किल्ली त्या नाण्यांच्या शेजारी ठेवली आणि वर्गात कुणी हललं नाही. त्यानंतर स्वगत सुरू झालं, आणि पहिल्याच वाक्याला मला जाणवलं की आता याची गरज नाही. त्या रात्री पाऊण पान काढलं आणि एकच वाक्य ठेवलं : "गोडंतेल वरच्या फळीवर ठेवत जाऊ नको." प्रयोगात या वाक्याने लोक हसले, आणि हसता हसता गप्प झाले. घरी टेबलाशी बसून हे वाक्य मला सुचलं नसतं. त्याला ती चिल्लर लागली.

म्हणून संहिता नटांच्या हातात देताना ती पक्की झाली असं समजू नका. वाचन, हालचाली बसवणं, रन थ्रू (न थांबता सलग तालीम) आणि रंगीत तालीम या प्रत्येक टप्प्यावर काहीतरी निघतं. काय निघालं त्याची वेगळी फाइल ठेवा. कापलेलं वाक्य पुढच्या एकांकिकेत जसंच्या तसं सहसा चालत नाही. पण आपण कुठे जास्त बोलतो हे त्या फाइलीत स्पष्ट दिसतं. मी पात्रांना भूतकाळ सांगायला लावते, हे मला माझ्या फाइलीनेच दाखवलं.

स्पर्धांविषयी बोलायलाच हवं, कारण मराठीत एकांकिका बहुतांशी स्पर्धांमुळे जिवंत आहे. कॉलेजात असाल तर पुण्याचा पुरुषोत्तम करंडक आहेच. महाराष्ट्रीय कलोपासक १९६३ पासून ही स्पर्धा भरवतात, भरत नाट्य मंदिरात, आणि तिथला भर लेखन, दिग्दर्शन, अभिनय यांवर असतो. मुंबईत चतुरंग प्रतिष्ठानची 'सवाई' एकांकिका स्पर्धा प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. वर्षभरात इतर स्पर्धा जिंकलेल्या एकांकिका तिथे एकमेकींसमोर येतात. भाग घेणार नसलात तरी ती रात्र जागून काढा. ओळीने एकांकिका पाहताना तुमच्या दमलेल्या डोळ्यांना कोणतं लिखाण जागं ठेवतं, हे अभ्यासण्यासारखं आहे.

स्पर्धांचा एक परिणाम मात्र मला खटकतो. 'यंदा कोणता विषय चालेल' याची चर्चा लिहिण्याआधीच सुरू होते. विषय चटका लावणारा, पार्श्वसंगीत चढं, शेवटी मंचावर घोळक्याची रचलेली कॉम्पोझिशन, आणि मग टाळी. विषय मोठा असला म्हणजे एकांकिका मोठी होत नाही. तुमच्या माहितीतल्या दोन माणसांमधला एक खरा तिढा घ्या. तो नीट लिहिला, तर विषय आपोआप मागून येतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. हे काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. दुसऱ्याची एकांकिका किंवा कथा घेणार असाल तर लेखकाची लेखी परवानगी घ्या. लेखक हयात नसेल तर वारसांची. आपल्याकडे स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. मानधन ठरवा आणि द्या, रक्कम छोटी असली तरी. उद्या तुमची एकांकिका कुणीतरी करणार आहे.

पैशांचा प्रश्न प्रत्येक आईवडील विचारतात, आणि तो रास्त आहे. एकांकिकेवर घर चालत नाही. व्यावसायिक रंगभूमीवर नटांना 'नाईट', म्हणजे दर प्रयोगाचे पैसे, मिळते, लेखकाला प्रयोगागणिक मानधन मिळतं, पण तिथवर पोहोचायला वेळ लागतो आणि नाटक चाललं तरच ते येतं. बरेच लेखक मालिकांकडे वळतात. तिथे पैसा नियमित मिळतो, पण रोजचा एपिसोड संध्याकाळ मागतो, आणि तालमी संध्याकाळीच असतात. मी ठरलेल्या वेळेला सुटणारी नोकरी धरली आणि बढतीपेक्षा त्या वेळेला जपलं. तालमीला शाळेचा वर्ग किंवा सोसायटीचा हॉल मिळवा, नेपथ्य दोन लेव्हल्स (लाकडी चौथरे) आणि एका बाकात भागवा, खर्च सगळ्यांनी वाटून घ्या आणि त्याचा हिशेब गटात उघडा ठेवा. हिशेबावरून गट फुटतात, कलेवरून फार कमी.

स्पर्धा संपली की एकांकिका संपली असं होऊ देऊ नका. स्पर्धेबाहेर एखादा प्रयोग तिकीट लावून करा, लहान जागी, शक्यतो दुसऱ्या गावात, जिथे कॉलेजची आरोळी द्यायला कुणी नसेल. प्रयोगानंतर विंगेत भेटायला आलेल्यांना मत विचारू नका, ते चांगलंच बोलतील. दोन दिवसांनी चार-पाच जणांना फोन करा आणि 'आवडलं का' असं न विचारता 'काय काय घडलं ते सांगा' म्हणा. गोष्ट सांगताना जो प्रवेश सगळेच गाळतात, त्यावर पेन्सिलने खूण करा आणि पुढच्या तालमीला तो प्रवेश काढून एक रन थ्रू घ्या.