हॉर्स ट्रेलरसाठी बाहेरचे प्रखर दिवे कसे निवडावेत

घोडे नेण्यासाठी गाडीमागे जोडायच्या ट्रेलरमध्ये अंधारात घोडा चढवताना अडचण येऊ लागली की पहिला विचार जास्त लुमेनचा (लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचं माप) दिवा घेण्याचा येतो. मात्र घोडा बुजतो तो बहुतेक वेळा उजेड सगळीकडे सारखा नसल्यामुळे. अंधुक उजेडात घोड्याला माणसापेक्षा चांगलं दिसतं, पण लख्ख उजेडातून अंधारात शिरताना त्याचे डोळे सरावायला बराच जास्त वेळ लागतो. बाहेर झगझगाट आणि आत काळोख असला तर ट्रेलरचं दार त्याला काळ्या भोकासारखं दिसतं. म्हणून बाहेरचे दिवे बदलण्याआधी आतला उजेड सुधारा. छताला दुधी काचेची एलईडी पट्टी लावून उजेड थेट पुढच्या भिंतीपर्यंत पोचवा. ती भिंत रॅम्पइतकीच (घोडा ज्या उतरत्या फळीवरून चढतो तिच्याइतकीच) स्पष्ट दिसू लागली की मग बाहेरचं गणित मांडा.

दोन घोड्यांच्या ट्रेलरला मागच्या बाजूला प्रत्येकी सुमारे १५०० लुमेनचे दोन दिवे पुरतात. रॅम्प आणि त्यापुढची जमीन मिळून १५ चौरस मीटर जागा धरली आणि एकूण ३००० लुमेनपैकी निम्मा उजेड तिथे पडला, तरी सरासरी १०० लक्स (दर चौरस मीटरला १०० लुमेन) होतात. एवढ्यात लगामाचं बक्कल, दोरीची गाठ, खुराखालचा दगड स्पष्ट दिसतो. खोक्यावरच्या लुमेनच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. दिवा किती अँपिअर घेतो ते मोजा. १२ व्होल्टवर १.५ अँपिअर म्हणजे १८ वॉट, आणि या प्रकारच्या एलईडीतून वॉटमागे १०० लुमेनच्या आसपास उजेड मिळतो. म्हणजे दिव्यावर १०,००० लिहिलं असलं तरी खरा उजेड १८०० च्या घरात असणार. पाठीमागे उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्या नसतील तर तोही काही काळाने मंदावतो.

झोत पसरट हवा, ९० ते १२० अंशांचा. लांबवर मारा करणारा अरुंद झोत इथे कामाचा नाही; त्याने एक पांढरा ठिपका आणि भोवती गडद कडा तयार होतात, आणि घोडा त्या कडेशीच थबकतो. उजेडाचा रंग ४००० ते ५००० केल्विन ठेवा (केल्विनचा आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर). ६५०० केल्विनचा निळसर उजेड धुळीत आणि धुक्यात जास्त विखुरतो, डोळ्यांनाही टोचतो.

दिवे कुठे लावायचे, यावर सगळ्यात जास्त विचार करा. दाराच्या वर मधोमध एकच दिवा लावला तर घोड्याच्या पुढे चालणाऱ्या मोतद्दाराची सावली नेमकी रॅम्पवर, घोड्याचे पुढचे पाय पडायचे तिथे येते. त्यामुळे दोन दिवे दोन्ही वरच्या कोपऱ्यांत लावा आणि आडवेतिडवे वळवा: डावा दिवा रॅम्पच्या उजव्या अर्ध्यावर, उजवा डाव्यावर. एकाची सावली दुसरा भरून काढतो. साधारण २.२ मीटर उंचीवरचा दिवा ४० अंश खाली झुकवला की झोताचा मध्य अडीच मीटरवर पडतो. मग रॅम्पच्या पायथ्याशी उभं राहून दाराकडे बघा. आपली नजर घोड्याच्या नजरेच्या जवळपासच असते. एलईडीचे पिवळे ठिपके थेट डोळ्यात येत असतील तर दिवा आणखी झुकवा किंवा वर टोपी बसवा. दारं पूर्ण उघडी ठेवूनही बघा. उघडलेला पल्ला दिव्यासमोर आल्याचं भोकं पाडून झाल्यावर कळलं तर फार उशीर होतो.

वीज रिव्हर्स लाइटच्या वायरवरून घेऊ नका. मग दिवा लावायला गाडी रिव्हर्स गिअरमध्ये ठेवावी लागते, आणि अशा गाडीच्या मागे घोडा किंवा माणूस उभा असणं धोक्याचं आहे. टेललाइटवर जोडले तर ते चालत्या गाडीत पेटलेले राहतात. चालत्या गाडीने मागच्या बाजूला पांढरा उजेड टाकायला बहुतेक देशांत मनाई आहे. रॅम्पशेजारी, घोड्याच्या अंगाला लागणार नाही अशा उंचीवर वेगळा जलरोधक स्विच द्या आणि दिवे चालू असल्याचं दाखवणारा लहान दिवा पुढच्या बाजूला, चालकाला आरशातून दिसेल असा लावा.

ट्रेलरला स्वतःची बॅटरी असणं उत्तम. ४० वॉटचे दिवे ३.३ अँपिअर घेतात. ५० अँपिअर-अवरच्या लेड ॲसिड बॅटरीतली निम्मीच वीज वापरायची असं धरलं तरी सात तास मिळतात. फ्यूज ७.५ अँपिअरचा, बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून बसवा. वायर तांब्याची २.५ चौरस मिलिमीटर घ्या. दहा मीटर अंतरावर जाऊन-येऊन तिच्यात सुमारे ०.४५ व्होल्ट पडतात, एक चौरस मिलिमीटरच्या वायरीत १.१ व्होल्टहून जास्त. ऋण वायर स्वतंत्रपणे बॅटरीपर्यंत न्या. सांगाडा आणि हिच (गाडीला ट्रेलर जोडणारा सांधा) यांच्या भरवशावर अर्थिंग ठेवलं तर गंज आणि ग्रीसमुळे ते कच्चं होतं, आणि घोडा चढताना ट्रेलर हलला की दिवे लुकलुकतात. नेमक्या त्याच क्षणी ते नको असतं.

ट्रेलर प्रेशर वॉशरने धुवत असाल तर आयपी ६९के दर्जाचा दिवा घ्या (धूळ आणि पाणी आत शिरू न देण्याची क्षमता आयपीच्या आकड्यांनी दाखवतात). आयपी ६७ पाण्यात बुडवण्याच्या चाचणीचा दर्जा आहे, तो जवळून मारलेल्या जोरदार गरम फवाऱ्याची हमी देत नाही. भोक पाडण्यापूर्वी पत्र्यामागे वायर नाही ना, हे बघा आणि शक्यतो सांगाड्याच्या पट्टीवरच दिवा बसवा. नुसता पातळ पत्रा असेल तर मागून धातूची पट्टी द्या. ॲल्युमिनियमच्या अंगावर स्टीलचे स्क्रू थेट बसवले की दोन धातूंच्या संपर्कातून ॲल्युमिनियम गंजून झिजतं, म्हणून मध्ये नायलॉनचा वॉशर आणि सीलंट हवंच. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेपासून वायर वाचवणारी कडी) बसवा आणि आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं. घोड्याच्या मूत्रातला अमोनिया तांब्याला खातो. आतल्या बाजूच्या जोडांना कथिलाचा मुलामा असलेली वायर आणि आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी (गरम केल्यावर आकसून जोडावर घट्ट बसणारी) वापरा.

काम झाल्यावर दिवे चालू ठेवून दिव्याच्या टोकाशी व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी आलं तर एखादा जोड कच्चा आहे. पहिल्या धुण्यानंतर काचेच्या आत वाफ साचलेली दिसली तर सील गेलं आहे. असा दिवा हमीत लगेच बदलून घ्या; वरून सीलंट थापलं तर आत अडकलेलं पाणी बाहेर पडायला वाटच उरत नाही.