डिकीवरचा बॅज पाहून गाडी ठरवताय? या चुका टाळा

सेकंड हँड गाडी घेताना ‘टॉप मॉडेल आहे’ एवढ्यावर सौदा करू नका. मारुतीत एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय अशी चढती भाजणी आहे, पण वॅगन आरची झेडएक्सआय आणि ब्रेझाची झेडएक्सआय यांतल्या सोयी सारख्या नसतात. कंसातल्या ‘ओ’ने (म्हणजे ‘ऑप्शनल’) सगळ्यात जास्त फसगत होते. क्रेटाचं एसएक्स(ओ) वरच्या टोकाचं मॉडेल. स्विफ्टचं एलएक्सआय(ओ) मात्र बेसच, थोड्या जादा सोयींसह. म्हणून त्याच वर्षीचं ब्रोशर शोधा आणि गाडीशेजारी उभं राहून एकेक गोष्ट ताडून पाहा. बाजूच्या एअरबॅगचं लेबल सीटच्या कडेला असतं. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. लागलाच नाही किंवा विझलाच नाही, तर गडबड आहे.

इंजिनात ‘दीड लिटर’ ऐकून थांबू नका. 2024 च्या क्रेटात दीड लिटरची दोन पेट्रोल इंजिनं आहेत. साधं 1497 सीसीचं, 115 पीएस ताकद आणि 144 एनएम टॉर्क (खेचण्याचा जोर). टर्बो 1482 सीसीचं, 160 पीएस आणि 253 एनएम. भरल्या गाडीने घाट चढताना हा फरक लगेच कळतो. आरसीवरचा सीसीचा आकडा पाहिला की कोणतं इंजिन आहे ते स्पष्ट होतं. महागड्या गाड्यांत बॅजवरचा आकडा म्हणजे सीसी नव्हेच: आजच्या बीएमडब्ल्यू 330आय मध्ये 1998 सीसीचं इंजिन आहे. ऑडीचा ‘40’ ताकदीचा गट सांगतो.

‘ऑटोमॅटिक’ म्हटलं तरी प्रकार विचारा. मारुतीचा एजीएस म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबणं आणि गिअर बदलणं मशीन करतं; त्यात क्लच प्लेट झिजते आणि तो खर्च पुढे येतो. ब्रेझाच्या एटीमध्ये (ऑटोमॅटिकमध्ये) टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे क्लच प्लेटऐवजी तेलातून ताकद पुढे देणारा भाग.

बॅज बाजारात सुटा मिळतो, कोणीही चिकटवू शकतं. आरसी, मूळ बिल आणि विमा पॉलिसी या तिन्हींवरचं व्हेरियंट (एलएक्सआय, झेडएक्सआय वगैरे) जुळवा. पॉलिसीवर चुकीचं असेल तर आयडीव्हीही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) चुकतो, ते आधी दुरुस्त करून घ्या. पार्ट मागवताना व्हेरियंटचं नाव नव्हे, 17 अक्षरी चेसिस नंबर द्या. एकाच मॉडेलमध्ये खालच्या व्हेरियंटला मागे ड्रम आणि वरच्याला डिस्क ब्रेक असू शकतात.