इथिओपियात शिकवायला जाताय? सेमिस्टर ब्रेकचं आधीच ठरवा

इथिओपियातल्या युनिव्हर्सिटीत नोकरी लागली की लोक पगार, क्वार्टर, व्हिसा सगळं विचारतात, सुट्टीचं कुणीच विचारत नाही. मग पहिलं सेमिस्टर संपतं, पेपर तपासून होतात आणि आपली मंडळी खोलीत कुकर लावून बसतात. मी बाहिर दारला होते, 2012 नंतरची काही वर्षं. आमच्याकडे आंध्रचे सर लोक भरपूर, त्यातले कित्येक जण दोन-दोन वर्षं राहून अदिस अबाबाचं एअरपोर्ट आणि आपलं कॅम्पस एवढंच बघून परत गेले. असं करू नका. हातातले बिर, म्हणजे तिकडचे पैसे, देशाबाहेर कुणी विचारत नाही, ते फिरण्यातच घाला.

एक आधीच सांगते. मी फिरले तो काळ तिकडे बऱ्यापैकी शांत होता. नंतर 2020 ते 2022 तिग्रायमध्ये युद्ध झालं आणि 2023 पासून अम्हारा भागात, म्हणजे बाहिर दार, गोंदार, लालिबेला याच पट्ट्यात चकमकी चालू झाल्या. त्यामुळे निघायच्या आधी भारतीय दूतावासाची सूचना वाचा आणि डिपार्टमेंटमधल्या लोकल कलीगला विचारा, रस्ता चालू आहे का बंद ते त्याला बरोबर ठाऊक असतं. तो नको म्हणाला तर नको, तिथे हट्ट करायचा नाही.

आता घड्याळ. तिकडे दिवस सूर्योदयाला सुरू होतो, म्हणजे आपले सकाळचे सात हा त्यांचा एक. लांबच्या बसेस पहाटे सुटतात आणि काउंटरवरचा माणूस "अकरा वाजता या" म्हणतो, ते अकरा म्हणजे आपले पहाटेचे पाच! तिकीट घेताना "फरंजी टाइम (परदेशी लोकांची, म्हणजे आपली वेळ) का हबेशा टाइम (तिकडची वेळ)" हे विचारायचंच, त्यात लाजायचं काही नाही. कॅलेंडरचं पण तसंच, तेरा महिन्यांचं वर्ष आणि आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे, त्यामुळे ऑफिसने रजेचं पत्र दिलं की त्यावरची तारीख कोणत्या कॅलेंडरची ते बघून घ्या. पत्रावर गोल शिक्का हवा, शिक्क्याशिवाय कागदाला तिकडे काडीची किंमत नाही. रेसिडेन्स परमिट आणि हे पत्र बरोबर ठेवलं की रस्त्यातल्या चेकिंगला, त्याला ते फताशा म्हणतात, सगळ्यांना बसमधून उतरवलं तरी आपलं पाच मिनिटात आटपतं. देशातल्या देशात विमानाने जायचं असेल तर इथिओपियन एअरलाइन्सच्या ऑफिसात परमिट घेऊन स्वतः जा आणि इथे राहणाऱ्यांचा दर काय ते विचारा, टुरिस्टच्या भावात उगाच तिकीट काढू नका.

ब्रेक छोटा असतो, त्यामुळे अक्सुम-लालिबेला-गोंदार-हरार सगळं एकदम करायच्या भानगडीत पडू नका, नकाशावर जवळ दिसणारी गावं घाटांमुळे दिवस खातात. एक दिशा पकडा. बाहिर दारमध्ये असाल तर ताना सरोवर दारातच आहे, बोटीने झेगेला जायचं, कॉफीच्या झाडीतून चालत उरा किदाने मेहरेत या मठातल्या चर्चला पोचायचं, आतल्या गोल भिंती चित्रांनी खालपासून वरपर्यंत भरलेल्या आहेत. काही बेटांवरच्या मठांत बायकांना प्रवेश नाही, बोटवाला पैसे घेईपर्यंत हे सांगत नाही, म्हणून मुलींनो आधी विचारा. नील नदीच्या धबधब्याचं मात्र फार मनावर घेऊ नका, वरचं बरंचसं पाणी वीजकेंद्राकडे वळवलंय आणि जानेवारी-फेब्रुवारीत तर धार अगदीच बारीक असते. तो बघावा पावसाळा संपताना, एखाद्या रविवारी, गावापासून तीसेक किलोमीटर तर आहे.

गोंदार मिनिबसने तीन-चार तास. तिथे सतराव्या शतकातले फासिलिदेस राजाचे वाडे आहेत, पण खरं बघायचं ते तिम्कत, म्हणजे येशूच्या बाप्तिस्म्याचा सण, 19 जानेवारीला (लीप वर्ष असेल तर 20). एरवी कोरडा असणारा फासिलिदेसचा हौद तेव्हा पाण्याने भरतात, पहाटे पाद्री पाण्याला आशीर्वाद देतात आणि पोरं कपड्यांसकट धडाधड उड्या मारतात. गडबड एवढीच की हे नेमकं परीक्षेच्या सुमारास येतं, त्यामुळे सुपरव्हिजनची ड्युटी डिसेंबरमध्येच कुणाशी तरी बदलून ठेवा, आणि खोली पण तेव्हाच बुक करा, भाव दुपटीच्या वर जातात. गोंदारहून पुढे देबार्क, तिथे सिमियन डोंगरातल्या नॅशनल पार्कचं ऑफिस. बंदूकवाला स्काउट घेणं सक्तीचं, त्याला बहुतेक इंग्लिश येत नाही आणि त्याने काही अडत पण नाही. कळसूबाई 1646 मीटर, इथे सांकाबरचा कॅम्पच 3200 च्या वर, तेव्हा पहिल्या दिवशी दम लागणारच, आणि रात्री थंडी अशी की दोन ब्लँकेटं कमी पडतात. गेलाडा माकडांचा कळप गवत उपटत उपटत पार आपल्या पायाशी येतो, फक्त खायला द्यायचं नाही.

पण मला विचाराल तर एकच ठिकाण करायचं झालं तर लालिबेला. वेरूळचं कैलास जसं वरून खाली कोरत आणलंय तशी इथे अकरा चर्चेस, खडकात, साधारण बाराव्या-तेराव्या शतकातली. बेते गियोर्गिस तर वरून बघितलं की जमिनीत फक्त एक क्रॉस दिसतो, काठाशी जाऊन खाली डोकावलं की मग कळतं की ही अख्खी इमारत आहे. चर्चांच्या मधले बोगदे मिट्ट काळोखाचे, टॉर्च असला तरी एक हात डोक्यावर धरून चाला, छत अचानक खाली येतं. बूट बाहेर काढायचे असतात आणि आतल्या जुन्या गालिच्यांत पिसवा असतात, म्हणून जाड मोजे घाला आणि पँट मोज्यात खोचा, दिसायला कसंही दिसलं तरी चालेल. मी पहाटे गेले होते, पांढऱ्या नेतेला, म्हणजे पातळ सुती शाली, पांघरलेल्या म्हाताऱ्या भिंतीला टेकून उभ्याने प्रार्थना करत होत्या, आणि त्यातल्या एकीने माझ्या मोज्यांकडे बघून सरळ हसून घेतलं.

खाण्याचं, विशेषतः व्हेज लोकांसाठी. बुधवार-शुक्रवार त्यांचा उपास, म्हणजे मांस-दूध-अंडं बंद, आणि ते आपल्या पथ्यावरच पडतं. "त्सोम बेयाइनेतु" (उपासाचं मिश्र ताट) मागा, इंजेरावर, म्हणजे त्यांच्या आंबवलेल्या डोशासारख्या भाकरीवर, मसूर, पालेभाजी, बीट, बटाटा असं सगळं मांडून येतं. शिरो मागितलात तर पिठलंच खाल्ल्यासारखं वाटेल. ईस्टरच्या आधीचा मोठा उपास 55 दिवसांचा, बहुतेक फेब्रुवारीत सुरू होतो, ब्रेक त्याला लागून आला तर तुमची चंगळ. बाकीच्या दिवशी लहान गावात शिरो आहे का हे बसायच्या आधी विचारून घ्या. कॉफीला बोलावलं तर मात्र घाईत जाऊ नका, बिया भाजण्यापासून सुरुवात होते आणि तीन फेऱ्या होतात, पहिल्या कपानंतर उठलात तर यजमान नाराज.

आणि इंडियन म्हटल्यावर बसमध्ये एखादे आजोबा हमखास सांगतात की शाळेत गणिताला आम्हाला इंडियन मास्तर होते. सम्राट हैले सेलासीच्या काळात आपले बरेच शिक्षक तिकडे होते, त्यांची पुण्याई आपल्याला अजून पुरतेय, खिडकीची सीटसुद्धा मिळते.

हरार आणि दक्षिणेकडचे अर्बा मिंच वगैरे दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. जुलै-ऑगस्टच्या मोठ्या सुट्टीत उत्तरेत धो धो पाऊस असतो, तेव्हा सरळ मुंबईचं विमान पकडा. परत यायचं तिकीट मात्र रजिस्ट्रेशनच्या आदल्या दिवशीचं काढू नका, बस बंद पडली की ती तिथेच रात्र काढते.